हरलेल्या लढायांचे पोवाडे

जून १९०९. नाशिकच्या सेशन्स कोर्टात गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचे कलम त्यांच्यावर लावले होते, आणि खटला उभा होता कवितांच्या एका लहानशा पुस्तिकेवर. पुस्तिका बाबारावांनी छापली होती. ज्या कवितांवर सरकारने बोट ठेवले, त्या गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद यांच्या. गोविंद पायांनी अधू होते. ज्याला स्वतःला चार पावले चालणे कठीण, त्याच्या ओळी सरकारला चाल करून येणाऱ्या फौजेसारख्या वाटल्या.

सरकारचा कान तिखट होता, हे मान्य करावे लागेल. मराठी मुलखात लढाईची कविता ही कधीच नुसती वाचायची गोष्ट नव्हती. ती चावडीवर, देवळापुढे, जत्रेत उभी राहून म्हणायची होती आणि ऐकणाऱ्याचा हात मिशीवर किंवा डोळ्यांकडे जायला हवा होता. साडेतीनशे वर्षांतल्या या रचना एकापुढे एक मांडून पाहिल्या, तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. मराठी कवींनी विजय पुष्कळ गायले. पण लोकांच्या तोंडी राहिल्या त्या हरलेल्या, नाहीतर जिंकूनही फार महागात पडलेल्या लढाया. सिंहगड, पावनखिंड, नेसरी, पानिपत, झाशी. असे का झाले असावे, हे पाहायचे तर सुरुवात एका जिंकलेल्या लढाईपासूनच केलेली बरी.

घोडा आणि सोन्याचा तोडा

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. या प्रसंगावर अज्ञानदास नावाच्या शाहिराने रचलेला पोवाडा शिवकालीन पोवाड्यांत सर्वांत जुना आणि भरवशाचा मानला जातो. जिजाऊंनी शाहिराला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस दिला, अशी परंपरा आहे. म्हणजे कवी इथे दरबाराच्या उजेडात उभा आहे. तरीही त्याचे लक्ष नुसत्या स्तुतीकडे नाही. भेटीची जागा, वकिलांची ये-जा, बरोबरची माणसे, हत्यारे असा सगळा तपशील तो पुरवतो. वर्तमानपत्र नसलेल्या काळात पोवाडा हीच बातमी होती, आणि बातमीत नावे चुकवून चालत नाही. आपल्या गावच्या सरदाराचे नाव गाळले, तर श्रोता उठून जाब विचारणार.

पोवाड्याची बांधणीच या कामासाठी झालेली आहे. मुख्य शाहिराच्या हातात डफ. मागे तुणतुणेवाला, झांज किंवा टाळ, आणि ‘जी जी’ करून सूर उचलून धरणारे झीलकरी. एक चौक संपला की शाहीर चाल सोडून गद्यात बोलतो, गोष्ट दोन पावले पुढे नेतो आणि पुन्हा डफावर थाप टाकतो. दम घ्यायला मिळालेली ही फट फार उपयोगाची असते. शाहीर त्या वेळात समोरच्या तोंडांकडे पाहून घेतो आणि कुठे रेंगाळायचे, कुठे पळायचे ते ठरवतो. लढाईचे वर्णन द्रुत चालीत, मरणाचे संथ. शेवटच्या चौकात तो स्वतःचे, गुरूचे, कधी गावाचे नाव गुंफतो. लढणाऱ्याबरोबर गाणाऱ्याचीही नोंद राहते.

त्या प्रसंगानंतर सुमारे दहा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडला. त्यावरचा तुळशीदासाचा पोवाडा आजही महाराष्ट्राच्या मनात आहे. इतका, की इतिहास बाजूला राहिला आणि पोवाडाच इतिहास होऊन बसला. मुलाचे लग्न सोडून मोहिमेवर निघणारा बाप, कड्यावर चढणारी घोरपड, ऐंशीच्या घरातला शेलारमामा, हे सारे लोकांच्या डोळ्यांपुढे उभे आहे ते शाहिराच्या कृपेने. सभासदाची बखर या प्रसंगाचे वर्णन आटोपशीर करते. तिच्यात मावळे वानरासारखे कडा चढतात, तानाजी आणि किल्लेदार उदेभान एकमेकांच्या वारांनी पडतात. घोरपडीचा पत्ता नाही. किल्ल्याचे सिंहगड हे नावही तानाजीच्या मरणाआधीच्या कागदांत सापडते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

मग शाहीर खोटे बोलला का? तसे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल. कडा किती अवघड होता हे श्रोत्याला पटवायचे, तर ‘फार अवघड’ म्हणून भागत नाही. घोरपड दोनदा कच खाऊन मागे फिरते आणि तिसऱ्यांदा चढते, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्याच बोटांना कड्याचा दगड लागतो. लग्नाचेही तसेच. सुभेदार तानाजी मोठा होता हे बखर सांगते. त्याच्या घरात अक्षता भिजत पडल्या होत्या, हे शाहीर सांगतो. किल्ला हाती आला, पण गाणे किल्ल्याचे झाले नाही. गेलेल्या माणसाचे झाले. हरि नारायण आपट्यांनी पुढे या विषयावर कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्या नावातही हेच माप-तोल आले.

त्याच्याही आधी तलवार हाती न धरलेल्या एका वाण्याने शिपायाचे वेगळेच चित्र काढून ठेवले होते. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग म्हणून एक गट आहे. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. धन्यासाठी जीव उदार करणारा, बाण-गोळ्या अंगावर घेणारा, वाटा मोकळ्या करणारा हा शिपाई तुकोबांनी भक्ताला रूपक म्हणून दिला. रूपक असले तरी त्यातली शिपाईगिरी ऐकीव वाटत नाही. देहूच्या आजूबाजूची पोरे तेव्हा कुणा ना कुणा सरदाराकडे चाकरीला जातच होती.

खर्डा विसरला, पानिपत राहिले

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले झाडून सारे पेशव्याच्या जरीपटक्याखाली एकत्र आले, ते अखेरचे. शाहिरांना पर्वणीच होती. संगमनेरचा अनंत फंदी आणि पुण्यात नावारूपाला आलेला प्रभाकर या दोघांनीही खर्ड्यावर पोवाडे रचले. सरदारांच्या याद्या, घोड्यांची संख्या, डेरे-राहुट्या, खिलती, सगळा थाट त्यांत आहे. आज हे पोवाडे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापलीकडे किती जण म्हणतात? सवाई माधवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले, आणि तो थाट पुसला गेल्यावर त्याचे वर्णन ऐकण्यात कुणाला गोडी उरली नाही. विजयाच्या पोवाड्याला यजमान असतो. यजमान गेला की पोवाडाही पोरका होतो.

पानिपताला यजमान नव्हता. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी गाणे रचून बक्षीस मागावे, असे दार शिल्लक नव्हते. पुण्याकडे निघालेल्या एका सावकारी पत्रात ही वार्ता सांकेतिक भाषेत आली असे सांगतात: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही. मोती कोण आणि मोहरा कोण हे सांगायला नको. पण खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कुठल्याही पत्रात येणार नव्हती ती माणसे. त्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल वाद घालता येईल. मराठी मनाने मात्र ते कवितेसारखे पाठ केले.

त्यानंतर पानिपत भाषेतच मुरले. एखाद्याचे ‘पानिपत होते’, ‘संक्रांत कोसळते’, ‘विश्वास पानिपतात जातो’. पानिपतात पडलेले सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, परत येतील या आशेवर कित्येक वर्षे लोक होते, आणि तोतये उभे राहिले तेव्हा त्यांच्यावरही विश्वास ठेवणारे निघाले. शाहिरांनी भाऊसाहेबांवर पोवाडे रचले त्यांत लढाईपेक्षा वाट पाहणे अधिक आहे. दीडशे वर्षांनी राम गणेश गडकऱ्यांनी गोविंदाग्रज या नावाने ‘पानपतचा फटका’ लिहिला. छंदाची निवडच बोलकी आहे. फटका हा अनंत फंदीच्या काळापासून कानउघाडणीचा प्रकार. बापाने पोराला चार शब्द सुनवावेत तसा. गडकऱ्यांनी तोच छंद रणधुमाळीसाठी वापरला. त्यामुळे शौर्याच्या वर्णनाखालून सतत एक चपराक वाजत राहते: एवढे बळ होते, मग आपापसांत फाटलो कशाला?

छापखान्यात गेलेला डफ

पेशवाई संपल्यावर पोवाडे गोंधळ्यांच्या आणि भिक्षेकरी शाहिरांच्या गळ्यात राहिले. ते कागदावर उतरवण्याचे मोठे काम झाले १८९१ साली, शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अर्बुथनॉट ॲक्वर्थ यांच्या संग्रहामुळे. ॲक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्यांच्याच नावाचे. दिवसा शहराच्या गटारांचा आणि साथींचा हिशेब पाहणारा हा साहेब ज्यांना आपल्याच माणसांनी हरवले त्या मराठ्यांचे पोवाडे जमवत होता. १८९४ मध्ये त्याने त्यांतल्या काहींचे इंग्रजी भाषांतरही छापले. पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’चे खंड सिद्ध केले आणि खरे-खोटे, जुने-नवे यांची चाळणी लावली.

त्याआधी १८६९ मध्येच महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवरचा पवाडा छापून एक मोठी गोष्ट केली होती. त्यांच्या पवाड्यात शिवाजी हा कुणब्यांचा राजा आहे आणि त्याची फौज म्हणजे नांगर बाजूला ठेवून आलेली माणसे. पोवाड्याचा प्रकाश सरदाराच्या मंदिलावरून खाली, शेतकऱ्याच्या पायांतल्या वहाणांवर आणण्याचे काम इथे सुरू झाले. शौर्य कुणाचे, हा प्रश्न मराठी कवितेत पहिल्यांदा एवढ्या रोखठोकपणे विचारला गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डफ पुन्हा तापला, आणि तोही नाशिकलाच. विनायक दामोदर सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजी देशपांड्यांवर पोवाडे रचले. त्यांच्या ‘मित्रमेळा’ या संघटनेच्या उत्सवांत ते गायले जाऊ लागले आणि यथावकाश सरकारी बंदीच्या यादीत जाऊन बसले. १३ जुलै १६६० ला पावनखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू त्या पिढीला विशेष जवळचे वाटले. त्यांनी काही जिंकून दिले नाही, वेळ मिळवून दिला. गुलामगिरीतल्या तरुणाला याहून समजणारे शौर्य कोणते? बडोद्याला बरीच वर्षे काढलेल्या अरविंद घोषांनी याच बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली आणि १९१० मध्ये ती त्यांच्या ‘कर्मयोगिन्’ साप्ताहिकात आली. एकाच खिंडीवर मराठीत डफ आणि इंग्रजीत निर्यमक छंद चालत होता, आणि दोन्हींचा रोख एकाच सरकारवर होता.

भा. रा. तांब्यांनी वेगळी वाट धरली. ते ग्वाल्हेरच्या दरबारचे राजकवी; झाशीच्या राणीची समाधी त्याच शहरात. जून १८५८ मध्ये राणी तिथे पडली, तेव्हा ग्वाल्हेर दरबार तिच्या बाजूला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे तांब्यांच्या ‘झाशीवाली’ या कवितेतला दबका सूर कळतो. लढाईचा देखावा तीत मागे आहे. समाधीजवळून जाणाऱ्या वाटसरूला कवी थांबायला सांगतो, दोन आसवे ढाळायला सांगतो. पोवाडा जमावाला उभे करतो. ही कविता एकट्याला थांबवते.

एकच साल, दोन गाणी

१८१८ हे साल मराठी कवितेत दोन सुरांत ऐकू येते. प्रभाकरासारख्या शाहिराने दुसऱ्या बाजीरावाच्या पतनावर हळहळ गायली. शनिवारवाड्याचा उजाडपणा, विस्कटलेले दरबारी, सरलेले दिवस. पुढे शंभर वर्षे शाळेतल्या पुस्तकांचा सूर हाच राहिला.

पण त्याच वर्षीच्या १ जानेवारीला भीमा कोरेगावला झालेल्या लढाईचा स्तंभ नदीकाठी उभा आहे आणि त्याच्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत महार शिपायांची नावे ठळकपणे दिसतात. पेशवाईत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची नावे दगडात कोरली ती परक्या कंपनीने. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि त्यानंतर भीमशाहिरांच्या गाण्यांत ही लढाई सन्मानाच्या जागी येऊन बसली. कंपनीच्या कागदोपत्री ती एका तुकडीने दिवसभर टिकाव धरल्याची नोंद. पेशव्यांच्या इतिहासात पळापळीतला एक मुक्काम. भीमगीतांत मात्र तीच लढाई माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची. पोवाड्याचे छंद तेच, डफ तोच. फक्त गाणारा नदीच्या दुसऱ्या काठावर उभा राहिला की लढाईचा अर्थ फिरतो. वीररसाबद्दल लिहिताना आपली समीक्षा ही दुसरी परंपरा बराच काळ विसरून गेली, ही काही लहान चूक नव्हे.

व्होल्गाकाठचा पोवाडा आणि पिंपातले उंदीर

दोन महायुद्धांत मराठी माणूस दूरदूरच्या रणांगणांवर लढला. पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात, दुसऱ्यात एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत आणि इटलीत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले आहे. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले असे सांगतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून दस्त्याने लढले, आणि मोर्चा ताब्यात येताच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा झाला.

ही कथा पोवाड्यासाठीच घडली असावी अशी आहे. तरी घरोघर म्हटली जाईल अशी कविता तिला लाभली नाही. कारण उघड आहे. हे शिपाई ज्या झेंड्याखाली लढले, त्या झेंड्याच्या तुरुंगात मराठी कवींचे मित्र होते. शौर्य खरे, पण ते कुणाच्या खाती मांडायचे याचा कवीला उलगडा होईना.

एका शाहिराला तो झाला. वाटेगावहून मुंबईला आलेल्या, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गाकाठची ती लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीत ती डफावर वाजू लागली. हिटलरविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध आहे अशी कम्युनिस्टांची तेव्हाची भूमिका होती. छोडो भारतच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्यांना ती मुळीच पटणारी नव्हती. राजकारण काहीही असो, कवितेच्या दृष्टीने घडले ते विलक्षण होते. तुळशीदासाने जो बाज कोंढाण्याच्या कड्यासाठी वापरला, तोच बाज अण्णा भाऊंनी रशियातल्या कारखान्यांच्या शहरासाठी वापरला, आणि ज्याने रशिया नकाशावरही पाहिला नव्हता त्या गिरणी कामगाराला तो परका वाटला नाही. १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा पोवाडा तिथे पोचलेला होता.

त्याच १९४३ मध्ये कवी अनिलांनी ‘निर्वासित चिनी मुलास’ हे मुक्तछंदातले दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. जपानने चीनवर चालवलेल्या आक्रमणात घर गमावलेल्या पोराशी कवी बोलतो. इथे शिपाई नाही, तलवार नाही. युद्ध मुलाच्या उंचीवरून दिसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींची सेवा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले होते. मराठी वाचकाला चीन तेव्हा दूरचा राहिलेला नव्हता.

आणि मग मर्ढेकर. युद्धाने मुंबईला रेशनच्या रांगा दिल्या, काळे कागद चिकटवलेल्या खिडक्या दिल्या, १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला महाभयंकर स्फोट दिला. १९४६ मध्ये ‘अभिरुची’त मर्ढेकरांची पिंपात मेलेल्या उंदरांची कविता आली आणि मराठी वाङ्मयात गदारोळ उठला. त्या कवितेत कुठलाही वीर नाही. कशासाठी मेले ते न कळता मेलेले जीव आहेत, एकावर एक पडलेले. छळछावण्यांची छायाचित्रे नुकतीच जगापुढे आली होती, हे आठवले तर ती कविता दुर्बोध वाटत नाही. अज्ञानदासापासून चालत आलेल्या नावांच्या यादीच्या जागी इथे नाव नसलेला ढीग आला.

हिमालय आणि सह्याद्री

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. अनिलांच्या कवितेतल्या त्या पोराची पिढी आता बंदूक घेऊन समोर उभी होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य जन्माला आले. राजकारणातल्या बातमीचे एका रात्रीत काव्य झाले. कुसुमाग्रज, वसंत बापट यांच्यासारख्या कवींनी समरगीते लिहिली, शाळांच्या प्रार्थनेनंतर ती म्हटली जाऊ लागली. ‘छोटा जवान’ (१९६३) या चित्रपटातले ग. दि. माडगूळकरांचे, वसंत देसाईंच्या चालीवरचे समूहगीत संचलनाचे गाणेच होऊन बसले. माडगूळकरांचे कसब असे, की गाण्यातला शत्रू ते देशाच्या नावाने ओळखत नाहीत, माणुसकीशी त्याचे वैर आहे म्हणून ओळखतात. प्रसंग निघून गेल्यावरही गाणे शिळे झाले नाही, ते बहुधा त्यामुळे.

या समरगीतांत एक अडचण मात्र होती. पोवाड्याला कोंढाण्याचा कडा ठाऊक होता. बर्फातली लढाई इथल्या कवींनी पाहिली नव्हती, आणि सैनिक ‘जवान’ या एका शब्दात मावून गेला. त्याला मुलाचे लग्न नव्हते, मामा नव्हता. त्या युद्धातून जे गाणे देशभर खरोखर उरले ते विलापाचे निघाले: कवी प्रदीप यांचे हिंदी गीत, मराठमोळ्या सी. रामचंद्रांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज, २७ जानेवारी १९६३, दिल्लीचे नॅशनल स्टेडियम. युद्ध हरलेले होते. १९७१ चे युद्ध जिंकले, नव्वद हजारांवर पाकिस्तानी सैनिक शरण आले, तरी त्या तोडीचे गाणे मराठी ओठांवर बसले नाही.

सात

या साऱ्या परंपरेचा पीळ एकाच कवितेत पाहायचा असेल, तर ‘विशाखा’ उघडावी. १९४२ च्या या संग्रहात कुसुमाग्रजांची ‘सात’ ही कविता आहे. विषय शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर यांचा. सरनोबतांनी उमराणीला कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला जाऊ दिले, महाराज रागावले, कडक शब्दांत पत्र आले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापरावांनी खानाच्या फौजेवर झेप घेतली आणि ते मारले गेले.

या मृत्यूची एक कोरडी नोंद इंग्रजांच्या कागदांत आहे. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी त्या वसंतात रायगडाकडे होता. त्याने कळवले की सेनापती दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांसह मारला गेला, बाकीच्या फौजेची मदत त्याला मिळाली नाही. सारा मजकूर दोन ओळींत आटोपलेला आहे. त्यात अभिमान नाही की हळहळ नाही. असलाच तर फौजेवर ठपका आहे.

कुसुमाग्रजांकडे आकडा तोच आहे, डोंगर तेच आहेत, मागे राहिलेली फौजही आहे. फक्त ती मदत न करणारी राहिलेली नाही, थक्क होऊन पाहत उभी आहे. कविता सुरू होते ती पत्राच्या झोंबण्यापासून. काल आपण पाठ दाखवली, हे बोलणारा लपवत नाही. मग तो बोलता बोलता तोंड फिरवतो, कारण डोळे किंचित ओलावले आहेत. सगळ्या कवितेत या एका हालचालीएवढे जवळून काही दिसत नाही. त्या ओल्या डोळ्यांकडे पाहून सहा जण काही न विचारता उठतात. पुढे सगळे दुरून: धुळीचे ढग, समुद्रात पडणाऱ्या उल्का, वणव्यात शिरणारे पक्षी. तलवारबाजीचे तपशील जवळपास नाहीत. किती शत्रू मारले याचा हिशेब तर मुळीच नाही, कारण तो सांगण्यासारखा नव्हता.

आणि नावेही नाहीत. तीनशे वर्षे शाहिरांनी प्राणपणाने जपलेली नावांची यादी कुसुमाग्रजांनी पूर्ण पुसली. प्रतापराव हे नाव कवितेत येत नाही, शिवाजी हेही येत नाही. उरतो तो एक आकडा. त्या सहा जणांची नावे पुढे लोकांनी जोडली, फलकांवर लिहिली. समकालीन कागदांत ती सापडत नाहीत. १९४२ साली रस्त्यावर उतरलेल्या पोरांना ते बरे पडले असणार. सातांत कुणालाही आपले नाव घालता येत होते.

बत्तीस वर्षांनी, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, हृदयनाथ मंगेशकरांनी ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत या कवितेला चाल दिली आणि लताबाईंनी ती गायली. चालीत टापांचा ठेका आहे, त्यामुळे गणपतीच्या मांडवापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत ती जोशाचे गाणे म्हणून वाजते. पोरे लाकडी तलवारी घेऊन सात घोडे दौडवतात आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. टाळ्या बहुतेक वेळा शेवटच्या कडव्याआधीच सुरू होतात. त्या कडव्यात खडकावरच्या खुणा आहेत, ओढ्यातला रंग आहे, क्षितिजावरची धूळ आहे, आणि सर्वांत शेवटी वाऱ्यावर कुणीतरी अजून गाते आहे. ते जे गात आहे त्याला कुसुमाग्रज पोवाडा म्हणत नाहीत. ती विराणी आहे.